महाबळेश्वर एका दिवसात: आईला न्यावं की थांबावं?

पत्र थोडक्यात: पुण्यात राहणाऱ्या, चाळिशीतल्या एका ताईंचं पत्र आहे. आई ७१ वर्षांच्या, विदर्भात धाकट्या मुलाकडे राहतात, जानेवारीत दहा दिवसांसाठी पुण्याला येणार आहेत. ताईंचे वडील चार वर्षांपूर्वी गेले. लग्नानंतर १९७८ मध्ये आईवडील एकदाच महाबळेश्वरला गेले होते, एसटीने, तिथला एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो घरात आहे. ताईंना आईला तिथे परत एकदा न्यायचंय. मिस्टरांना फक्त रविवार मोकळा, मुलीची दहावी, त्यामुळे मुक्काम शक्य नाही, म्हणजे सकाळी जाऊन रात्री परत. त्यांनी नऊ ठिकाणांची यादीही केलीये. पण आईचे गुडघे दुखतात, घाटात गाडी लागते, भाऊ म्हणतो "या वयात कशाला हाल करतेस", आणि आई म्हणतात "काही नको गं, घरीच बरं". ताई विचारतात, एका दिवसात नेणं म्हणजे आईचा छळ आहे का? की दोन दिवस मिळतील तेव्हाच न्यावं?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं की प्रश्न वेळेचा आहे, दुसऱ्यांदा वाचल्यावर त्या फोटोपाशीच थांबले. तुम्ही लिहिलंय की फोटोत दोघं एका रेलिंगला टेकून उभे आहेत, आईच्या हातात रुमाल आहे, आणि मागे बाबांच्या अक्षरात फक्त "महाबळेश्वर, जाने. ७८" एवढंच, पॉइंटचं नाव नाही. आणि त्यानंतर लगेच पुढच्या ओळीत तुमची यादी सुरू होते: वाई, मेणवली, टेबल लँड, वेण्णा लेक, विल्सन पॉइंट, आर्थर सीट, क्षेत्र महाबळेश्वर, प्रतापगड, बॉम्बे पॉइंटला सूर्यास्त. मला त्या दोन ओळींच्या मधे काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतंय, त्याबद्दल खाली लिहिते.

आधी सरळ उत्तर देते म्हणजे जीव टांगणीला लागायला नको. एका दिवसात नेणं हा छळ नाही. एका दिवसात नऊ ठिकाणं दाखवणं हा नक्की छळ आहे, आईचाच नाही, तुमचा आणि गाडी चालवणाऱ्याचा सुद्धा.

हिशोब करून बघा. पुण्याहून महाबळेश्वर साधारण १२० किलोमीटर. कात्रज, खेड शिवापूरचा टोलनाका, खंबाटकी, सुरूर फाट्याला हायवे सोडून वाई, मग पसरणीचा घाट चढून पाचगणी, आणि तिथून पुढे वीसेक किलोमीटरवर महाबळेश्वर. रस्ता मोकळा असला तर तीन तास, मधे चहा आणि बाथरूमला थांबलात तर साडेतीन, आणि ७१ वर्षांच्या बाई बरोबर असताना थांबायलाच पाहिजे. परतीचे तेवढेच, रविवार संध्याकाळ असेल तर जास्तच कारण त्या वेळी अख्खं पुणं परत येत असतं. म्हणजे सात-आठ तास गाडीत गेले. पहाटे साडेपाचला निघालात आणि अंधार पडायच्या आत घाट उतरायचा ठरवलं तर वर तुमच्या हातात सहा तास उरतात, त्यात जेवणाचा एक तास. आता तुमच्या यादीतलं आर्थर सीट गावापासून बारा-तेरा किलोमीटर एका बाजूला, आणि प्रतापगड दुसरीकडे, आंबेनळी घाट उतरून, वर पायऱ्याच पायऱ्या. हे बसतच नाही. एक व्हिडिओ बघून यादी केली असं तुम्ही लिहिलंय, त्यांनी तीन दिवसांचं चित्रण वीस मिनिटांत दाखवलेलं असतं हे आपण विसरतो.

मी स्वतः हे केलंय म्हणून एवढं ठामपणे सांगतेय. काही वर्षांपूर्वी सासूबाईंना घेऊन गेलो होतो, असाच एक दिवस, आणि मी प्रत्येक ठिकाणी "चला चला, अजून चार राहिलेत" करत होते. परतताना पसरणीच्या घाटात अंधारात धुकं आणि पुढे गाड्यांची रांग, घरी पोचायला रात्रीचे बारा वाजले. दुसऱ्या दिवशी मी त्यांना विचारलं सगळ्यात काय आवडलं, तर म्हणाल्या की वाईला घाटावर बसून चहा प्यायलो ना, ते. तिथे आम्ही दहा मिनिटं बसलो असू, आणि तिथूनही मीच त्यांना उठवलं होतं. मला अजून वाईट वाटतं त्याचं.

आता तुमच्या पत्रात तुम्ही काही गोष्टी धरूनच चालला आहात त्याकडे वळते, कारण माझ्या मते खरी अडचण तिथे आहे.

पहिली गोष्ट म्हणजे रविवार. मिस्टरांना रविवारच मोकळा म्हणून ट्रिप रविवारी, हे तुम्ही गृहीत धरलंय. पण जायचंय कुणाला? आईला आणि तुम्हाला. मुलीची दहावी आहे, तिला जानेवारीत एक अख्खा दिवस गाडीत बसायचं नसेलही, आणि मिस्टर तिच्याजवळ थांबू शकतात. तुम्ही दोघीच मंगळवार-बुधवारी गेलात तर? तुम्ही लिहिलंय की "हे नसतील तर शक्यच नाही कारण घाटात मला चालवता येत नाही". पुण्यात आपल्याच गाडीवर दिवसभरासाठी ड्रायव्हर मिळतो, ओळखीतून विचारा, घाटाची सवय असलेला, पन्नाशीच्या आसपासचा असेल तर फारच छान, कारण तो घाई करत नाही. आधल्या दिवशी त्याच्याशी स्वतः बोलून घ्या की वळणावर हळू घ्यायचं आणि आई म्हणाल्या थांबा की थांबायचं. आठवड्याच्या मधल्या दिवशी वेण्णा लेकपाशी जो ट्रॅफिक तुंबतो तो खूपच कमी असतो, नाताळ ते नवीन वर्षाचा आठवडा आणि जोडून आलेल्या सुट्ट्या तर टाळाच. मिस्टरांना वगळा असं मी म्हणत नाही हां, त्यांना एक रजा काढता आली तर उत्तमच. फक्त त्यांच्या रविवारावर सगळं अडलंय असं समजू नका.

दुसरी गोष्ट, मुक्काम केला की म्हाताऱ्या माणसाला सोपं जातं. हे बऱ्याच जणांना वाटतं आणि ते अर्धंच खरं आहे. मुक्कामात प्रवास दोन दिवसांवर वाटला जातो, ते खरं. पण परकी खोली, परका पलंग, रात्री उठून अंधारात बाथरूम शोधायचं, कमोड आहे की नाही, गरम पाणी किती वाजता येतं, बरेच ज्येष्ठ याच गोष्टींनी दमतात. ज्यांना स्वतःच्या अंथरुणाशिवाय झोप लागत नाही त्यांना संध्याकाळी सातला घरी परत येऊन वरणभात खाऊन आडवं होणं जास्त बरं वाटतं. तुमच्या आई कशा आहेत ते तुम्हालाच माहीत. घाट चढणं आणि उतरणं एकाच दिवशी अजिबात सोसत नसेल, आधी तसा अनुभव आला असेल, तर मात्र मुक्कामाचाच विचार करा, एका रात्रीचा का होईना. पण नुसतं "दोन दिवस मिळतील तेव्हा" म्हणून पुढे ढकलू नका. दहावी झाली की अकरावी-बारावी येते, आणि ७१ चे ७३ होतात.

तिसरी आणि मोठी गोष्ट, आईचं ते "काही नको गं". आपल्या आयांचं "काही नको" म्हणजे नकार नसतो आणि होकारही नसतो, त्याचा अर्थ बहुतेक वेळा "माझ्यामुळे कुणाला त्रास नको" एवढाच असतो. तुमच्या भावाने त्याचा अर्थ नकार लावला, तुम्ही होकार लावला, आणि दोघांपैकी कुणी त्यांना नीट विचारलेलं पत्रात तरी दिसत नाही. भाऊ चुकतोय असंही नाही बरं का, रोज गुडघ्याला तेल लावताना तो बघतो, त्याला काळजी वाटणारच. पण तुम्ही आईला "जायचं का" असं विचारू नका, त्याचं उत्तर तेच येणार. तो फोटो काढा, चहा घेऊन शेजारी बसा आणि विचारा की तेव्हा कुठे उतरला होतात, काय काय बघितलं, बाबांनी काय घेतलं, फोटो कुणी काढला. बोलू द्या अर्धा तास. त्यात कुठलं तरी एक ठिकाण परत परत येईल. कदाचित देऊळ असेल, कदाचित तळं असेल, कदाचित एसटी स्टँडवरची भजी असतील. किंवा त्या गप्पच होतील आणि तुम्हाला कळेल की त्यांना तिथे बाबांशिवाय जायचंच नाहीये. तेही उत्तर आहे आणि ते मानायचं. माणूस गेल्यावर काहींना त्या जागी जावंसं वाटतं, काहींना अजिबात नाही, यात आपण ढकलायचं नसतं.

जायचं ठरलं तर वर एकच जागा मुख्य धरा. तुमच्या आईंनी नाव घेतलं ती. त्यांनी कुठलंच घेतलं नाही तर मी क्षेत्र महाबळेश्वर सुचवेन, म्हणजे जुनं महाबळेश्वर, गावापासून पाच-सहा किलोमीटर. तिथे पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या नद्यांचं पाणी एकत्र येऊन गोमुखातून कुंडात पडतं. सकाळी लवकर गेलात तर गर्दी नसते आणि त्या पाण्याचा आवाज अख्ख्या देवळात भरून राहिलेला असतो, पायाखालचा दगड इतका गार असतो की आईला पायमोजे घालूनच आत न्या, पण ओल्या जागी हात धरा कारण घसरतं. मला त्या जागेचं एक फार वाटतं, एकाच डोंगरावर उगम, पण सावित्री पश्चिमेला कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळते आणि कृष्णा पूर्वेला साधारण १४०० किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला. आणि याच क्षेत्री १६६५ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी जिजाऊंची सुवर्णतुला केली होती. आईला घेऊन जानेवारीत जाणाऱ्या लेकीला हे माहीत असावं म्हणून सांगितलं. कृष्णाबाईचं काळ्या दगडातलं जुनं देऊळ तिथून जवळच आहे, गुडघे बरे असतील तरच.

त्यानंतर जेवण, आणि जेवणानंतर गाडीतच अर्धा तास सीट मागे करून आईला पडू द्या. मग एखादा पॉइंट, जिथे गाडीतून उतरून फार चालायला लागत नाही असा, बॉम्बे पॉइंट गावाच्या जवळ आहे म्हणून तो चालेल. सूर्यास्त मात्र सोडून द्या. जानेवारीत सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो, तो बघून निघालात की दोन्ही घाट आणि हायवे अंधारात. तीन वाजता महाबळेश्वर सोडायचं, आणि यावर ठाम राहा, ट्रिप बिघडते ती बहुतेक याच एका तासाने बिघडते. तीनला निघालात की साडेचारच्या सुमारास वाईत, तिथे कृष्णेच्या घाटावर ढोल्या गणपतीपाशी बसा, १७६२ मध्ये रास्त्यांनी बांधलेलं देऊळ आहे, नदीच्या पाण्याला लागूनच. चहा तिथे प्या. मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आणि तिथली ती मोठी घंटा फार सुंदर आहे पण त्याच दिवशी नको, वाई-मेणवली ही स्वतंत्र एका दिवसाची ट्रिप होते, आणि घाट न चढता होते हे लक्षात ठेवा.

म्हणजे ज्यांच्या घरी गाडी लागण्याचा त्रास खूप आहे त्यांनी हाच पर्याय घ्यावा असं मी सांगेन, वाईपर्यंतच जायचं, पसरणी चढायचीच नाही. लहान मुलं असतील तर फक्त पाचगणी करा, टेबल लँडवर मुलं दमेपर्यंत धावतात आणि वीस किलोमीटरचा पुढचा रस्ता वाचतो. प्रतापगड बघायचा असेल तर तोच बघायला निघा, महाबळेश्वर वाटेतलं समजा. पावसाळ्यात पॉइंटच्या नादाला लागू नका, जुलैत वर ढगच असतात, समोरचं माणूस दिसत नाही.

गाडी लागण्याबद्दल. आईला पुढच्या सीटवर बसवा, मागे नाही. काच थोडी उघडी. नजर लांब रस्त्यावर ठेवायला सांगा, मोबाईलवर फोटो दाखवू नका घाटात. उपाशीपोटी निघायचं नाही आणि भरल्या पोटीही नाही, निघताना दोन बिस्किटं आणि थोडा चहा, मग वाईला इडली किंवा उपमा, तेलकट नको. उलटीची गोळी चालेल का ते त्यांच्या डॉक्टरांना आधीच विचारा, तुम्ही लिहिलंय की बीपीचं औषध चालू आहे, आणि या गोळ्यांनी झोप येते, वयस्कर माणसाला तोल जायची भीती असते. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवीला वारंवार लागतं, आपल्या बायका मग प्रवासात पाणीच पीत नाहीत आणि डोकं धरून बसतात. डॉक्टरांना हेही विचारा, पण मनाने गोळी बंद करू नका, आणि दर तासा-सव्वा तासाने थांबायचं हे ड्रायव्हरला सांगून ठेवा म्हणजे आईला मागावं लागणार नाही. त्यांना ते मागायला किती संकोच वाटतो हे तुम्हाला माहितीये.

गुडघ्याचं असं की चढण्यापेक्षा उतरताना जास्त दुखतात. म्हणून कुठल्याही पायऱ्यांपाशी "वर जाता येईल का" असा विचार न करता "खाली येता येईल का" असा करा. काठी घेऊन चला, त्यांना आवडत नसली तरी गाडीत असू द्या. पुण्यापेक्षा महाबळेश्वर साधारण ८०० मीटर उंच आहे, दिवसा पाच-सहा डिग्रीचा फरक पडतो आणि वर वारा असतो, तेव्हा स्वेटरपेक्षा कानाला बांधायचा स्कार्फ महत्त्वाचा.

ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांच्यासाठी एक, स्वारगेटहून महाबळेश्वरच्या एसटी आहेत, महिलांना तिकीट अर्धं आणि ७५ च्या वर वय असेल तर राज्यात मोफत. एका दिवसात परतायचं तर पहिली गाडी पकडायची आणि पोचल्या पोचल्या परतीची वेळ स्टँडवरच विचारून ठेवायची. वर फिरायला टॅक्सी मिळतात, "सगळे पॉइंट" असं ठरवू नका, आपल्याला हवं ते एकच ठिकाण सांगून भाडं आधी ठरवा.

भावाला काय सांगायचं ते राहिलं. त्याच्याशी वाद घालू नका, त्याला हा पूर्ण दिवसाचा बेत पाठवा: किती वाजता निघणार, कुठे थांबणार, तीनला परत. त्याला भीती तुमच्या नऊ ठिकाणांची वाटतेय असं मला वाटतं, एका ठिकाणाला तो नाही म्हणणार नाही. आणि त्या दिवशी सकाळी आईचा चेहरा उतरलेला दिसला, रात्री झोप झाली नसली, तर रद्द करायचं, ड्रायव्हरचे पैसे गेले तरी चालतील. दहा दिवसांत दुसरा दिवस मिळेल म्हणून ट्रिप पहिल्या तीन-चार दिवसांतच ठेवा, पण आल्या आल्या नको, रेल्वेचा शीण जाऊ दे.

फोटोतलं ते रेलिंग शोधायला मात्र जाऊ नका. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांत ते बदललं असेल, आणि पाच पॉइंट हिंडून "हेच का गं, हे नव्हे का" असं विचारत बसलात तर आईला परीक्षा दिल्यासारखं होईल. त्यांनी स्वतः ओळखलं तर ओळखलं. फोटो मात्र बरोबर न्या. मोबाईलमधला नाही, खरा, मागे बाबांचं अक्षर असलेला, प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून, कारण सकाळी तिकडे दव असतं आणि जुन्या शाईला पाणी लागलेलं चालत नाही. पाकीट आईच्याच पर्समध्ये ठेवा, कधी काढायचा ते त्या बघतील.